लाल ठिपका आणि आजींचं स्वैपाकघर



गेल्या महिन्यात आमच्या वाड्यात भांडण झालं. आता वाड्यात भांडण होणं ही काही बातमी नव्हे. नळावरून होतं, जिन्याखाली लावलेल्या सायकलींवरून होतं, वाळत घातलेल्या पापडांवरून तर हमखास होतं. पण हे भांडण होतं बारा सेंटिमीटरचं! आणि ते सोडवलं चौथीतल्या एका मुलीनं. म्हणून म्हटलं, या वेळी आपल्या पानावर तीच गोष्ट सांगावी.

आमचा वाडा नारायण पेठेतला. म्हणजे पत्र्या मारुतीला आणि केसरीवाड्याला चपला घालून सहज जाऊन यावं इतक्या अंतरावरचा. मधे चौक, चौकात हापसा (तो आता फक्त शोभेला), आणि भोवती अकरा बिऱ्हाडं. त्यातलं एक माझं. वाडा आता पाडायचा ठरलाय. तिथं नवी इमारत होणार. आणि नव्या इमारतीत कुणाला किती जागा मिळायची, ते आत्ता त्याच्याकडे किती जागा आहे त्यावर ठरणार. म्हणजे आधी मोजणी आली.

आम्हाला वाटलं होतं, दोन माणसं येतील, एक टेपचं टोक धरून भिंतीशी बसेल, दुसरा टेप ओढत जाईल आणि "ढिला सोडू नकोस रे" म्हणून ओरडेल. तसं काही झालं नाही. आला एकटा मुलगा, पाठीला सॅक, हातात पिवळ्या-काळ्या रंगाची एक डबी. टीव्हीच्या रिमोटपेक्षा थोडी जाड. ती त्यानं एका भिंतीला टेकवली, बटण दाबलं, आणि समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटला. पुन्हा बटण दाबलं. 'टुक' असा आवाज झाला आणि डबीच्या काचेवर आकडा आला. झालं! एका खोलीला अर्धा मिनिटही लागलं नाही. वाड्यातली झाडून सगळी पोरं त्याच्या मागं. "दादा, मला एकदा दाबू द्या ना," "दादा, यात टेप गुंडाळून ठेवलीय का?"

मग तो तळमजल्यावरच्या आजींकडे गेला. आजींचं स्वैपाकघर मोजलं. आकडा आला ३.०८ मीटर. आजी म्हणाल्या, "फुटांत सांग बाबा." त्यानं हिशेब करून सांगितलं, "दहा फूट सव्वा इंच."

"मुळीच नाही," आजी म्हणाल्या. "साडेदहा फूट आहे. आमच्या ह्यांनी फडताळ करून घेतलं तेव्हा स्वतः मोजलंय. वहीत लिहिलेलं आहे."

"आजी, हे यंत्र आहे. यंत्र चुकत नाही."

"यंत्र चुकत नसेल रे. माझं स्वैपाकघर आखडलं का मग?"

झालं. आवाज चढले. वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीत आले, शेजारच्या काकू दारात आल्या. कुणी म्हणे, नव्या मशीनवर विश्वास ठेवावा. कुणी म्हणे, मुद्दाम कमी दाखवतायत. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी स्वतः पाहिलं. पन्नास वर्षं ज्या घरात काढली, तेच कुणीतरी कापून लहान केलं असं त्यांना वाटत होतं.

आता पुढं काय झालं ते सांगते, पण थोडं थांबा. त्याआधी त्या डबीच्या पोटात काय आहे ते बघू. ते कळलं की चूक कुठं होती हे तुमचं तुम्हालाच सापडेल. बघा हं, सापडतं का!

अंतर मोजायचं म्हणजे आपण काय करतो? एखादी ठरावीक लांबीची वस्तू घेतो आणि ती किती वेळा बसते ते मोजतो. वीत, हात, काठी ही सगळी तशीच मापं. शिवाजी महाराजांच्या काळी जमीन मोजायची काठी पाच हात आणि पाच मुठी लांबीची धरत. पुढं साखळ्या आल्या. आपल्याकडे जमीन गुंठ्यांत मोजतात ना, तो गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद असा चौकोन, १०८९ चौरस फुटांचा. कारण तेहतीस फुटांची साखळी ओढून मोजणी व्हायची. तुमचे आजोबा गावाकडचे असतील तर त्यांना 'साखळी' आणि 'आणे' विचारा. सोळा आण्यांची एक साखळी! रुपयाचे सोळा आणे तसेच जमिनीचेही.

या सगळ्या मापांत एक गोष्ट सारखी आहे. मोजणाऱ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत जावं लागतं. मधे नदी आली, दरी आली, नाहीतर आजींचं फडताळ आलं, की पंचाईत.

न जाता अंतर मोजता येईल का? येतं की. सिंहगडावर कड्याशी उभं राहून तुम्ही ओरडला असाल. "ओ ऽऽ" म्हटलं की थोड्या वेळानं समोरून "ओ ऽऽ" येतं. आवाज हवेतून एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. ओरडल्यापासून दोन सेकंदांनी प्रतिध्वनी आला, तर समोरचा कडा किती लांब? माझ्या वर्गात हा प्रश्न विचारला की निम्मी मुलं म्हणतात, ६८० मीटर. चूक! आवाज गेलाही आणि परतही आला. दोन सेकंद हे जाण्यायेण्याचे. म्हणून अंतर ३४० मीटर. हे 'जाऊन येऊन' नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

वटवाघूळ असंच करतं. आणि ती पिवळी-काळी डबी पण असंच करते. फक्त ती आवाज देत नाही, उजेड देते. उजेड म्हणजे लेझरचा लाल किरण. तो भिंतीवर आपटतो. भिंत कितीही गुळगुळीत दिसली तरी खरं तर खडबडीत असते, त्यामुळे उजेड चहूकडे विखुरतो. (म्हणून तर तो ठिपका खोलीतल्या सगळ्यांना दिसतो, नाही का?) त्या विखुरलेल्या उजेडातला अगदी इवलासा भाग परत डबीकडे येतो. तिथं एक भिंग असतं. ते हा उजेड गोळा करतं आणि आतल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावर टाकतं.

मग लेझरच कशाला, साधी बॅटरी का नाही? बॅटरीचा झोत पसरतो. समोरची सगळी भिंत उजळून निघेल, आणि नेमक्या कुठल्या जागेपर्यंतचं अंतर मोजलं हेच कळणार नाही. लेझरचा किरण सुतासारखा सरळ आणि बारीक राहतो. पहिला लेझर अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १९६० साली चालवून दाखवला.

इथपर्यंत सोपं आहे. आता खरी गंमत. उजेड पळतो किती जोरात? सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर! आजींच्या स्वैपाकघरात भिंतीपर्यंत जाऊन परत यायला त्याला किती वेळ लागेल? एका सेकंदाचे शंभर कोटी तुकडे करा. त्यातले साधारण एकवीस तुकडे. तुमच्या पापणीची उघडझाप होईपर्यंत तो लाखो फेऱ्या मारून येईल. आणि आपल्याला नुसतं 'तीन मीटर' नको आहे, मिलिमीटरपर्यंत माप हवंय. एका मिलिमीटरचा फरक कळायचा तर सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे करून त्यातले सातेक तुकडे मोजता आले पाहिजेत. इतकं बारीक घड्याळ काही हजार रुपयांच्या डबीत बसवायचं म्हणजे सोपं काम नाही.

मग डबी काय युक्ती करते? ती युक्ती मला समजली ती डी.एड.च्या पुस्तकात नाही, तर नदीपात्रात.

गणपतीच्या आधी महिना-दीड महिना आमच्या पेठेच्या मागं, नदीकाठी, ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. संध्याकाळी भिडे पुलावरून येताना नुसता दणदणाट असतो. एकदा मी लांबून बघत उभी होते. ढोलवाल्याचं टिपरू ढोलावर पडताना दिसत होतं, पण आवाज मात्र टिपरू वर गेल्यावर येत होता! पोरगं बेतालं वाजवतंय की काय असं वाटावं. पण तसं नव्हतं. दिसायला वेळ लागत नाही, ऐकू यायला लागतो.

समजा, ढोलवाला सेकंदाला बरोबर दोन ठोके देतोय. म्हणजे एका ठोक्यानंतर अर्ध्या सेकंदानं दुसरा. तेवढ्या वेळात आवाज १७० मीटर जातो. तुम्ही त्याच्या अगदी जवळ असाल तर टिपरू आणि आवाज जुळतात. तुम्ही मागं मागं सरकत गेलात की आवाज मागं पडायला लागतो. ८५ मीटरवर गेलात की आवाज बरोबर अर्धा ठोका मागं पडतो; म्हणजे टिपरू हवेत आणि 'धडाम्' कानात. मग उलटं करा. आवाज टिपऱ्याच्या किती मागं आहे ते बघा, आणि त्यावरून ढोलवाला किती लांब आहे ते सांगा. पाव ठोका मागं असेल तर साडेबेचाळीस मीटर. हातात घड्याळ नको, टेप नको. फक्त ताल किती चुकला ते बघायचं.

डबी नेमकं हेच करते. तिचा लाल उजेड आपल्याला सलग दिसतो, पण तो सलग नसतो. तो कमीजास्त, कमीजास्त होत असतो, सेकंदाला कोट्यवधी वेळा. हा झाला उजेडाचा ढोल. समजा सेकंदाला दहा कोटी ठोके. मग एका ठोक्याच्या वेळात उजेड तीन मीटर जातो. पाठवलेला उजेड आणि परत आलेला उजेड डबी शेजारी शेजारी ठेवते आणि परत आलेल्याचा ताल किती मागं पडला ते बघते. एका ठोक्याचा दीड हजारावा भाग एवढा फरक ओळखता आला की मिलिमीटर हातात आला. आतलं इलेक्ट्रॉनिक्स तेवढं करू शकतं. इतक्या जलद ठोक्यांचा ताल ओळखायला सोपा जावा म्हणून ते आधी त्याची एक संथ नक्कल करून घेतं. जुन्या ट्यूबलाइटच्या उजेडात पंख्याची पाती सावकाश फिरल्यासारखी दिसतात ना, साधारण तसंच काहीतरी. ते नीट सांगायला आणखी एक पान लागेल, म्हणून आज सोडून देते.

पण थांबा! चलाख मुलांच्या मनात एक शंका आली असेल. नदीपात्रात तुम्ही १७० मीटरवर गेलात तर काय होईल? आवाज पूर्ण एक ठोका मागं पडेल. म्हणजे टिपरू आणि आवाज पुन्हा जुळतील! ३४० मीटरवर पुन्हा जुळतील. मग नुसता ताल बघून कसं कळणार, ढोलवाला शेजारी आहे, १७० वर आहे की ३४० वर?

नाही कळणार. म्हणून त्याला सांगायचं, "दादा, आता जरा सावकाश वाजवा." दोन सेकंदांत एकच ठोका दिला तर एका ठोक्यात आवाज ६८० मीटर जाईल. आता १७० आणि ३४० यांतला फरक ओळखता येतो. सावकाश ठोक्यानं अंदाजे अंतर कळतं, जलद ठोक्यानं बारीक माप कळतं. डबीसुद्धा एकाच वेगानं ठोके देत नाही. वेगवेगळ्या वेगांनी देते आणि दोन्हींचा मेळ घालते.

पहिलीच्या मुलांना घड्याळ शिकवताना मी हेच शिकवते की. नुसत्या मिनिटकाट्यावरून 'वीस मिनिटं झाली' एवढंच कळतं, पण किती वाजून वीस? त्यासाठी तासकाटा बघायचा. तासकाटा ढोबळ, मिनिटकाटा बारीक. आजींच्या स्वैपाकघरात जलद ठोक्यानं सांगितलं, दीड मीटरचे काही पूर्ण टप्पे आणि वर वीस सेंटिमीटर. (ठोका तीन मीटरचा, पण 'जाऊन येऊन' म्हणून टप्पा दीड मीटरचा. लक्षात होतं ना?) सावकाश ठोक्यानं सांगितलं, तीन मीटरच्या आसपास. म्हणजे दोन टप्पे आणि वर वीस सेंटिमीटर. तीन मीटर वीस सेंटिमीटर.

काय म्हणालात? यंत्रावर तर ३.०८ आलं होतं? शाब्बास, लक्ष आहे तुमचं!

सगळीच यंत्रं तालावर चालत नाहीत, बरं का. महामार्गावर पोलिसांच्या हातात असते ती लेझरची स्पीडगन सरळ उजेडाचे छोटे छोटे झटके सोडते आणि प्रत्येक झटका परत यायला किती वेळ लागला ते मोजते. लांबच्या अंतराला ही पद्धत बरी पडते. समजा सेकंदाच्या दहाव्या भागात मोटार तीन मीटर जवळ आली. म्हणजे सेकंदाला तीस मीटर, म्हणजेच ताशी १०८ किलोमीटर. मुलांनो, तुमचे बाबा गाडी चालवताना हा हिशेब त्यांना करून दाखवायला हरकत नाही.

उजेडानं अंतर मोजायची कल्पना लेझरच्याही आधीची आहे. स्वीडनमधले एरिक बर्गस्ट्रँड नावाचे शास्त्रज्ञ १९४० च्या दशकात उजेडाचा वेग आणखी अचूक मोजायला निघाले होते. अंतर माहीत असलं की वेळ मोजून वेग काढता येतो. मग त्यांच्या लक्षात आलं की वेग माहीत असला तर उलट अंतर काढता येईल! त्यातून मोजणीदारांसाठी एक यंत्र तयार झालं. ते काही खिशात मावणारं नव्हतं, दोघांना उचलायला लागावं असं. हातात धरायची लेझर डबी बाजारात यायला १९९३ साल उजाडलं. ती स्वित्झर्लंडच्या लायका कंपनीनं आणली, नाव होतं 'डिस्टो'. अजूनही काही इंजिनिअर मंडळी कुठल्याही कंपनीच्या डबीला डिस्टोच म्हणतात, आपण सगळ्या वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं.

आणि एक गंमत सांगू? १९८३ पासून मीटर म्हणजे काय हेच उजेडावरून ठरवलेलं आहे. एका सेकंदाचे २९,९७,९२,४५८ भाग केले तर त्यातल्या एका भागात उजेड निर्वात जागेतून जेवढा जातो, तो एक मीटर. तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीचं मूळ माप सुद्धा शेवटी तेच.

चला, आता आजींकडे.

आजींची नात माझ्याच शाळेत, चौथीत. शाळेत मला 'बाई' म्हणते आणि वाड्यात 'मावशी'. वाद चालू असताना ती आली आणि म्हणाली, "मावशी, शाळेतली मीटरपट्टी आणू?" मी म्हटलं, "पट्टी कशाला, माझ्याकडे शिवणाची टेप आहे." पण शिवणाची टेप कापडी, वापरून वापरून ताणलेली. तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? शेवटी कोपऱ्यावरच्या सुताराकडून स्टीलची टेप आणली. मी एक टोक धरलं, तिनं दुसरं.

स्वैपाकघर : ३.२० मीटर. साडेदहा फूट! आजोबांची वही बरोबर निघाली.

आजी काही बोलल्या नाहीत. फक्त त्या दादाकडे बघितलं.

"टेप वाकली असेल," तो म्हणाला. त्याचाही नाइलाज होता बिचाऱ्याचा. सकाळपासून चार बिऱ्हाडं मोजून झाली होती. मग आम्ही बाकीच्या खोल्याही मोजल्या आणि नातीनं वहीच्या पाठच्या पानावर दोन्ही माप शेजारी शेजारी लिहिली. स्वैपाकघराची रुंदी टेपनं २.९०, यंत्रानं २.७८. माजघर टेपनं ४.५० आणि ३.२०, यंत्रानं ४.३८ आणि ३.०८. बाहेरची खोली टेपनं ४ मीटर आणि ३.२०, यंत्रानं ३.८८ आणि ३.०८.

ती पोरगी बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसली. मग म्हणाली, "मावशी, सगळीकडे बाराच कसं कमी?"

बघा, तुम्हीही वर बघा. खरंच सगळीकडे बरोबर बारा सेंटिमीटर! टेप वाकली असती, किंवा ताणली असती, तर मोठ्या भिंतीला जास्त फरक पडला असता आणि लहान भिंतीला कमी. इथं साडेचार मीटरलाही बारा आणि पावणेतीन-तीन मीटरलाही बारा. म्हणजे उजेडाचं काही चुकलेलं नाही, तालाचंही नाही. काहीतरी बारा सेंटिमीटरची वस्तू प्रत्येक वेळी मोजायची राहून जातेय.

तिनं कंपासपेटीतली पट्टी काढली आणि त्या डबीलाच लावली. डबीची लांबी : बारा सेंटिमीटर.

सापडलं का तुम्हाला आधीच? सापडलं असेल तर पाठ थोपटून घ्या.

त्याचं असं आहे. या डबीला विचारावं लागतं, 'तू कुठून मोजतेस?' मागच्या कडेपासून की पुढच्या? खोली मोजताना डबीची मागची कड भिंतीला टेकवतात, तेव्हा मोजणीही मागच्या कडेपासूनच व्हायला हवी. म्हणजे डबीची स्वतःची लांबी त्यात धरली जाते. पण कधी कधी पुढच्या कडेपासून मोजायचं असतं, म्हणून एक बटण असतं. कुणाच्या तरी हातून ते दाबलं गेलं होतं. काचेच्या कोपऱ्यात डबीचं इवलंसं चित्र असतं, त्यावर खूण पुढच्या बाजूला होती. इतकी बारीक, की माझा चष्मा असूनही मला दिसली नव्हती.

दादानं बटण दाबलं, खूण मागं सरकली, पुन्हा मोजलं. 'टुक'! ३.२०. सगळा वाडा हसला. तो दादाही हसला आणि म्हणाला, "आजी, चुकलो." मग आधीची चारही बिऱ्हाडं त्यानं पहिल्यापासून मोजली. आजींनी त्याला चहा दिला आणि वर बेसनाचा लाडू.

बारा सेंटिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटतंय? आजींच्या तीन खोल्यांचा हिशेब आम्ही केला. खरं माप ३६.४८ चौरस मीटर. चुकीच्या मापानं ३४.०० चौरस मीटर. फरक जवळजवळ अडीच चौरस मीटर, म्हणजे सव्वीस चौरस फुटांहून जास्त. आजींचं देवघर, पाण्याचा माठ आणि शिवणाचं मशीन, तिन्ही मावतील एवढी जागा. आणि ती चूक अकरा बिऱ्हाडांत झाली असती.

आता माझं घर. सांगू की नको? सांगतेच. आम्ही इतकी वर्षं आमची बाहेरची खोली चार मीटर म्हणून सांगत आलो होतो. बटण ठीक केल्यावर ती निघाली ३.९४. मी गुपचूप टेप लावून बघितली. ३.९४ च. दोनदा बघितली. कधीतरी जाड गिलावा केला होता, त्यात ते सहा सेंटिमीटर गेले. मी काही भांडले नाही.

जुन्या घरात हे यंत्र वापरताना आणखीही गमती होतात. ठिपका भिंतीच्या एकाच जागी पडतो; भिंतीला पोट आलेलं असेल तर तिथलंच माप मिळतं, म्हणून दोन-तीन ठिकाणी मोजावं. चुलीच्या धुरानं काळी झालेली भिंत उजेड गिळते, मग डबी 'दिसत नाही' म्हणून सांगते. आरशावर ठिपका टाकला तर उजेड भलतीकडेच जातो, आणि खिडकीच्या काचेतून तो आरपार जाऊन समोरच्या वाड्याचं अंतर सांगतो! उन्हात तर ठिपका सापडतच नाही. अशा वेळी समोर एक पांढरा पुठ्ठा धरला की काम होतं.

एक गोष्ट मात्र रागावून सांगते. हा किरण कधीही कुणाच्या डोळ्यात मारायचा नाही, आणि आपणही त्यात बघायचं नाही. डबीतला लेझर अगदी दुबळा असतो, बहुतेक डब्यांत एक मिलिवॉटच्या आत, तरीसुद्धा. मिरवणुकीतले लेझर झोत त्याहून कितीतरी जबर असतात. त्यांनी डोळ्याचा पडदा भाजू शकतो, आणि तो पडदा नवा बसवता येत नाही. पुणे पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात या झोतांवर बंदी घातली होती ती त्यासाठीच. पालकांनी खेळण्याच्या दुकानातल्या लेझर पेनकडेही लक्ष द्यावं.

डेक्कनजवळ मेट्रोचं काम चालू होतं तेव्हा तुम्ही एक दृश्य पाहिलं असेल. तिवईवर एक यंत्र, त्यात डोकावणारा एक माणूस, आणि खूप लांब काठी धरून उभा असलेला दुसरा. त्या काठीवर काचेचा एक गोल डोळा असतो. तो साधा आरसा नव्हे. आरशावर किरण तिरका आला तर तो दुसरीकडे जातो. हा डोळा म्हणजे काचेचा कोपरा असतो. खोलीच्या कोपऱ्यात, जिथं दोन भिंती आणि जमीन मिळतात तिथं, चेंडू जोरात मारून बघा. तिन्हींवर आपटून तो पुष्कळदा तुमच्याकडेच परत येतो. काचेचा कोपरा उजेडाला तसाच परत पाठवतो, जिथून आला तिथंच. तुमच्या सायकलच्या मागचा लाल रिफ्लेक्टर जवळून बघा, त्यात असे शेकडो बारीक कोपरे दिसतील.

असेच कोपरे चंद्रावरसुद्धा ठेवलेले आहेत! १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी पहिले ठेवले. पृथ्वीवरून लेझर सोडायचा, तो त्या कोपऱ्यांवरून परत येतो, अडीच सेकंदांच्या थोडं वर वेळ लागतो. इतकी वर्षं मोजून मोजून कळलंय की चंद्र दरवर्षी आपल्यापासून सुमारे ३.८ सेंटिमीटर लांब जातोय. आजींच्या स्वैपाकघराचा घोळ बारा सेंटिमीटरचा होता, आणि इथं तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरवरचे चार सेंटिमीटर!

आपल्या चांद्रयान-३ चं 'विक्रम' २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरलं, तेव्हा त्याच्यावरही असा एक रिफ्लेक्टर होता. 'नासा'नं दिलेला, फक्त पाच सेंटिमीटर रुंदीचा, त्यात आठ काचेचे कोपरे. विक्रमचं काम थोड्याच दिवसांत संपलं, पण काचेला बॅटरी लागत नाही. १२ डिसेंबर २०२३ ला चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानानं शंभर किलोमीटरवरून विक्रमच्या दिशेनं लेझर सोडला, आणि उजेड परत आला. झोपलेल्या विक्रमनं हाकेला ओ दिली म्हणा ना!

त्याच्यावरच या वेळचं कोडं. यान शंभर किलोमीटर लांब, उजेडाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. उजेड परत यायला सेकंदाचा कितवा भाग लागला असेल? 'जाऊन येऊन' विसरू नका. उत्तर पुढच्या अंकात.

आणि शक्य असेल तर एका संध्याकाळी आईबाबांना घेऊन नदीकाठी सराव बघायला जा. ढोलवाल्याच्या टिपऱ्याकडे बघत हळूहळू मागं सरका. टिपरू वर आणि आवाज कानात, असं जिथं होईल तिथं थांबा, आणि तिथून ढोलवाल्यापर्यंत पावलं मोजत जा. किती पावलं झाली ते मला कळवा. आजींची नात जाऊन आली, तिची एकशे सत्तावीस झाली. तिचं पाऊल साधारण ६० सेंटिमीटरचं आहे. मग तो ढोलवाला सेकंदाला दोनपेक्षा जास्त ठोके देत होता की कमी?

तुमच्या बाई